पित्त झालंय, दुसरं काही नाही

रत्नागिरी,
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

प्रिय बयो,

हातानं लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. व्हॉट्सॅप सोडून मी कागदावर आले याचं कारण एवढंच की पितृपक्ष लागलाय, आणि या पंधरवड्यात चांगली बातमी तोंडातून काढायची नाही असा आमच्या सासूबाईंचा दंडक. मला तर आता एक दिवसही गप्प बसवत नाही. मग मीच तोड काढली. पत्र उद्या पेटीत पडलं तर लीड्सला पोचेपर्यंत नवरात्र लागलेलं असेल. म्हणजे लिहिलं पितृपक्षात, पण कळलं नवरात्रात. सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "चालेल."

तर बातमी अशी, की मला दिवस गेलेत. चौदा आठवडे झाले. मार्चमध्ये तू मावशी होणार.

आता किंचाळून झालं असेल तर खाली बस, कारण पुढचं सगळं ओकाऱ्यांबद्दल आहे. जेवताना वाचत असशील तर आधी ताट संपव.

ऑगस्टभर मी तुझे फोन घेतले नाहीत. तू तीनदा विचारलंस, "रागावलीस का?" अगं, रागवायला अंगात जीव लागतो. फोनचा पडदा वर सरकवला तरी बोटीत बसल्यासारखं व्हायचं. तुझे ते लांबलचक आवाजी निरोप उशीखाली फोन ठेवून ऐकले, पण उत्तर द्यायला तोंड उघडलं की शब्दांआधी दुसरंच काही येईल अशी धास्ती.

आमची बँकेची शाखा तुला माहीत आहे, बंदराजवळची. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा माझ्या काउंटरवर पेन्शनवाले, शाळेच्या फिया आणि माश्या. तेवढ्या शांततेत घरी चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. मी मनात म्हटलं, किती सोपं आहे हे, उगाच बायका बाऊ करतात. मग एक ऑगस्टला बंदी उठली. बोटी समुद्रात गेल्या आणि मी सातव्या आठवड्यात. दोन्ही मुहूर्त एकाच वेळी कुणी काढून दिले कोण जाणे.

बयो, मासळीच्या पैशाला वास असतो. तुला वाटेल हे कळायला बँकेत कशाला जायला पाहिजे. पण तुला ठाऊक असलेला वास बाजारातला, वाऱ्यावरचा. मी म्हणते तो नोटेच्या आत मुरलेला. पाटीच्या ओल्या हातानं घेतलेली नोट, कमरेच्या पिशवीत घडी घालून, घामानं परत ओली होऊन, रात्रभर तशीच दबलेली. गड्डी सोडवली की आधी वाफ आल्यासारखी वाटते. नोटा मोजायचं मशीन तर वाऱ्याची सोयच करून ठेवतं; शंभर नोटा फडफडत खाली जातात आणि सगळा वास नेमका माझ्या तोंडावर. एका पाचशेच्या नोटेवर गांधीजींच्या चष्म्यालाच खवला चिकटलेला होता, आरपार दिसणारा, चकचकीत. एरवी मी तो नखानं उडवला असता आणि शेजारच्या काउंटरला दाखवून हसले असते. त्या दिवशी त्या खवल्याकडे बघता बघता कानामागे घाम फुटला आणि तोंडात पाणी सुटायला लागलं, भुकेचं नव्हे, ते दुसरं, खारट.

आणि कॅशियरला पळता येत नाही! बाकीचे टेबलावरून उठून जाऊ शकतात. मला आधी मोजत असलेली रक्कम बाजूला करायची, गल्ला कुलूपबंद करायचा, किल्ली कमरेला, मग केबिनचं दार आतून उघडायचं, बाहेरून लावायचं, आणि मग व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचं, जिथे नळाला पाणी असेलच असं नाही. हे सगळं ओठ आवळून, समोरच्या रांगेकडे बघून हसत. पहिल्या आठवड्यात मी गड्डी चौऱ्याण्णववर सोडून दोनदा पळाले आणि परत येऊन पहिल्यापासून मोजली. पुढे शहाणी झाले. खणात जाड पिशव्यांची चळत, आत वर्तमानपत्राचा बोळा, बाजूला पाण्याची बाटली आणि लिंबाची फोड. टेबलाखाली वाकायचं, "पेन पडलं" म्हणायचं, काम आटपायचं, वर यायचं. ऑगस्टात माझं पेन किती वेळा पडलं याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

याला मॉर्निंग सिकनेस म्हणणाऱ्या माणसाला एकदा भेटायचंय मला. सकाळ काय घेऊन बसलात? माझी खरी वेळ दुपारी चारची, कॅश जुळवायची. तुझ्यामाझ्या आज्यांची भाषा जास्त प्रामाणिक होती, "कडक डोहाळे लागलेत" म्हणायच्या, वेळकाळ न सांगता. पण डोहाळजेवणाच्या गाण्यांत बघ, चांदणं असतं, नाव असते, झोपाळा असतो. बादलीवर कुणी ओवी रचलेली नाही.

रात्री झोप येईना तेव्हा मी वाचत बसायचे (अक्षर मोठं करून, चार ओळी वाचून डोळे मिटायचे). दहातल्या सात-आठ जणींना हे होतं. सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतं, नवव्याच्या सुमाराला कळस, आणि बहुतेकींचं चौदा ते सोळा आठवड्यांत ओसरतं. हे का होतं याचं धड उत्तर मात्र परवापरवाच मिळालंय. २०२३ च्या डिसेंबरात 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला. जीडीएफ१५ नावाचं एक संप्रेरक शरीरात एरवीही थोडंफार असतं. गरोदरपणात वारेतून ते भरमसाट येतं आणि मेंदूच्या तळाशी जाऊन मळमळीचं बटण दाबतं. गंमत अशी की जिच्या रक्तात ते आधीपासून कमी, तिला त्रास जास्त. थॅलेसेमियाच्या बायकांत ते मुळातच भरपूर असतं, तर त्यांना मळमळ फारशी होतच नाही म्हणे. मला लगेच आपली कॉलेजची कोल्हापूर सहल आठवली. सोलकढीवर वाढलेली तू पहिल्याच मिसळीला कशी लालबुंद झाली होतीस, आणि शेजारच्या टेबलावरचं चार वर्षांचं पोर तोच कट मिटक्या मारत भुरकत होतं! सवयीचा प्रश्न आहे सगळा. या कामातल्या एक प्रमुख संशोधक, मार्लिना फेझो, यांनी स्वतः १९९९ मध्ये याच आजारापायी पोटातलं मूल गमावलं होतं. चोवीस वर्षं त्या या एका प्रश्नाच्या मागे राहिल्या. रात्री अडीच वाजता, उशाशी पिशवी घेऊन, हे वाचताना मला रडू आलं. हार्मोन्स असतील.

आणि तुझ्या शेजारच्या बाईंचं काय! तू लीड्सजवळच्या हॉवर्थला जाऊन मला लेखिका शार्लट ब्राँटेच्या घराचं चित्र असलेलं फ्रिजचं चुंबक पाठवलंस ना? ते माझ्या दुधाच्या हिशेबाची चिठ्ठी धरून आहे. १८५४ च्या जूनमध्ये लग्न, १८५५ च्या ३१ मार्चला मृत्यू, वय अडतीस. दाखल्यावर क्षय लिहिलाय, पण शेवटच्या महिन्यांत पोटात काही टिकत नव्हतं, गरोदर होती, आणि आज अनेकांचं मत असं की त्या ओकाऱ्यांनीच तिला नेलं. मी रोज दूध काढताना तिच्या घराकडे बघायचे. शेवटी चुंबक फ्रिजच्या बाजूच्या पत्र्यावर लावलं. रागावू नकोस.

असो. त्रास एकवेळ सोसला असता. पण बयो, तो लपवायचा होता! तीन महिने पुरे झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, ही रीत. का ते मला कळतं. सुरुवातीला काही विपरीत झालं तर चार लोकांना परत तेच सांगत बसायची पाळी येऊ नये. पण नीट बघ, कंबरडं मोडतं ते नेमकं याच तीन महिन्यांत. सातव्या महिन्यात पोट दिसायला लागलं की एसटीत कुणीही जागा देतं, शिपाई फाइल उचलून देतो. सातव्या आठवड्यात, जेव्हा रांगेतल्या माणसाच्या केसांच्या तेलानंही पोटात ढवळतं, तेव्हा तुझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. म्हणून मी मराठी माणसाचा हुकमी शब्द वापरला. पित्त.

पित्ताइतका खपणारा शब्द नाही. कुणी पुढे विचारत नाही, फक्त उपाय सांगतात. एका आठवड्यात मला मोरावळ्याची बरणी मिळाली, धने-जिऱ्याच्या पाण्याची कृती मिळाली, सोनेतारणवाल्या साहेबांनी स्वतःची पांढऱ्या औषधाची बाटली आणून ठेवली (मी ती खणात ढकलली, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घ्यायचं नव्हतं), आणि शिपाईमामांनी चहा बंद करायचा सल्ला दिला, जो त्यांनी स्वतः आयुष्यात पाळलेला नाही. रजेच्या अर्जावरही मी "पित्तप्रकोप" लिहिलं. खोटं लिहितानाही शुद्धलेखन सांभाळलं हो.

ओळखलं ते एका मासळीवाल्या मावशीनं. रोज साडेदहाला येते, आदल्या दिवसाचा गल्ला भरते, पाचशेच्या नोटा वर, दहाच्या तळाला. तिनं काचेतून माझ्याकडे पाहिलं, मग लिंबाच्या फोडीकडे, आणि बोलायच्या फटीत तोंड घालून हळूच म्हणाली, "पित्त नाय गो बाय हे. कितवा?" मी काहीच बोलले नाही. पण माझे डोळे भरून आले, आणि तिला तेवढं उत्तर पुरलं. "कोणाक सांगूचा नाय," असं स्वतःलाच बजावून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी सरकवली ती गुलाबाच्या वासाची. रात्री नोटा पंख्याखाली पसरून, वाळवून, त्यांवर टाल्कम पावडर शिंपडून आणली होती, माझ्यासाठी! बयो, बांगडा एक वेळ परवडला. बांगडा अधिक गुलाब हे काय प्रकरण आहे ते तुला लीड्सच्या थंडीत बसून कळायचं नाही. त्यात ती पावडर मशीनच्या डोळ्यांवर बसली. शंभराच्या गड्डीला मशीन कधी सत्त्याण्णव म्हणतंय, कधी नुसतीच लाल अक्षरं लुकलुकवतंय. मी ब्रशनं साफ करत होते, शिंकत होते, उमासे गिळत होते, आणि पलीकडे ती माउली एवढ्या कौतुकानं बघत होती की माझ्या तोंडून "छान वाटतंय हो" एवढंच निघालं. त्यामुळे तिनं पुढचे चार दिवसही पावडर टाकली.

खायचं विचारशील. कोकणातल्या बाईला भाताचा वास सोसेना, यापेक्षा मोठी विटंबना नाही. कुकरची पहिली शिट्टी झाली की मी गॅलरीत. आमच्या अहोंनी स्वयंपाक हाती घेतला, दार लावून, बिनफोडणीचा. चव विचारू नकोस, पण भावना पोचली. सकाळी डोळे उघडले की उठायच्या आधी पडल्यापडल्याच उशाच्या डबीतले मूठभर कुरमुरे खायचे, मग दहा मिनिटं तसंच पडून राहायचं, मग पाय खाली. हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि ते खरंच लागू पडलं. पोट रिकामं राहिलं की जास्त चढतं, म्हणून दर दीड-दोन तासांनी दोन घास. पाणी जेवणाबरोबर नाही, मधल्या वेळात, घोटघोट. बँकेत माझा तारणहार म्हणजे फणसाचे तळलेले गरे. कोरडे, खारट, कुरकुरीत, वास नाही, खणात मावतात. तुमच्याकडे क्रॅकर खायला सांगतात ना? त्यांना कुणीतरी गरे पाठवा. आलेपाकाच्या वडीनंही थोडं बरं वाटायचं. साळीच्या लाह्यांचं पाणी आईनं धाडलं, ते थंड करून पोटात राहिलं. बाकी मला काय काय राहिलं नाही ते लिहायला दुसरा कागद लागेल.

गोळीवरून घरात परिषद भरली. डॉक्टरीणबाईंनी डॉक्सिलामीन आणि बी-६ अशी जोडगोळी लिहून दिली, रात्री घ्यायची. आई फोनवर म्हणाली, "पहिल्या तीन महिन्यांत गोळी? आम्ही नाही घेतली बाई." तिची भीती अगदीच वेडगळ नाही. १९५७ मध्ये जर्मनीत थॅलिडोमाइड आलं, मळमळीवर गर्भारणींना सर्रास दिलं, आणि १९६१ मध्ये बाजारातून काढेपर्यंत हजारो मुलं आखूड हातापायांची जन्मली. त्याची सावली पुढे सगळ्याच गोळ्यांवर पडली. माझ्या गोळीवरही. तुमच्याकडे ती डेबेंडॉक्स नावानं मिळायची. दाव्यांच्या भडिमारानं कंपनीनं १९८३ मध्ये ती बंद केली, अपाय होतो असं अभ्यासांतून निघालं नव्हतं तरी. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, अमेरिकेनं तीच जोडी परत मान्य केली. हे सगळं मी आईला समजावलं. ती म्हणाली, "बरं, पण अर्धीच घे." मी पूर्ण घेतली. झोप प्रचंड येते, पण ओकाऱ्या दहावरून चारवर आल्या. चार म्हणजे चैन.

तरी नारळी पौर्णिमेच्या आधीच्या शनिवारी गाडी घसरलीच. शुक्रवार सकाळपासून पाणीसुद्धा ठरेना. लघवी गडद, तीही दिवसात एकदाच, आणि उठून उभं राहिलं की भिंत कलायची. तरी मी कामाला जायला निघाले होते, कारण कॅशला दुसरं कोण? अहोंनी रिक्षा बँकेऐवजी दवाखान्याकडे वळवली. लघवीत कीटोन निघाले. वजन चोपन्नचं साडेएक्कावन्न. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "चोवीस तास पाणी टिकत नसेल तर वाट बघायची नसते. हे कुणी सांगितलं नव्हतं का?" कोण सांगणार? कुणाला माहीतच नव्हतं! दोन बाटल्या सलाइन गेलं. छताचा पंखा बघत पडले होते, आणि पहिल्यांदाच बऱ्याच दिवसांत माझ्या नाकाशी कसलाच वास नव्हता. स्पिरिटचा होता, तो आवडला.

परत गेले ती थेट मॅनेजरांच्या केबिनमध्ये. दहावा आठवडा, रीत गेली खड्ड्यात. त्यांनी "अभिनंदन" म्हटलं, चष्मा काढला, पुसला, आणि पुढचं वाक्य, "पण मग कॅशला?" अगदी माझ्याच तोंडचं. मला हसू आलं. युनियनचे काका बाहेर बसले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते तू तुझ्या इथल्या बहिणींनाही कळव. २०१७ च्या दुरुस्तीनं बारा आठवड्यांची बाळंतपणाची रजा सव्वीस झाली, हे प्रत्येकीला तोंडपाठ आहे. पण १९६१ च्या त्याच प्रसूती लाभ कायद्यात कलम १० आहे. गरोदरपणामुळे आजारपण आलं तर कागदपत्र दाखवून एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजा मिळते. म्हणजे माझ्या ओकाऱ्यांसाठी कायद्यात जागा साठ वर्षांपूर्वीच करून ठेवलेली होती, आणि मी "पित्तप्रकोप" लिहून स्वतःच्या हक्काच्या किरकोळ रजा उडवत बसले होते. त्यातल्या अटी आपापल्या ऑफिसात विचारून घ्याव्या लागतात. पण विचारायचं तर आधी सांगावं लागतं ना.

मी दहा दिवस घेतले. मग मला केवायसीच्या टेबलावर बसवलं, खिडकीशी, बाथरूमपासून बारा पावलांवर. मोजलीत मी. शाखेत बातमी अर्ध्या तासात पसरली. आभाळ कोसळलं नाही. सोनेतारणवाल्यांनी आपली पांढरी बाटली परत मागून घेतली, तेवढंच.

आणि मग गणपती आले. सात तारखेला मोदकांच्या सारणाचा वास सुटला तेव्हा मी आपली सवयीनं गॅलरीत जाऊन उभी राहिले. पाच मिनिटं झाली, काही होईना. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. तुला आठवते ना ऋषीची भाजी? अळू, माठ, लाल भोपळा, सुरण, दोडकं, मक्याचं कणीस, सगळं एकत्र शिजवलेलं. तेल नाही, फोडणी नाही, मसाला नाही. लहानपणी आपण नाक मुरडायचो, आजारी माणसाचं जेवण म्हणायचो. सासूबाईंनी वाटीभर वाढली. मी संपवली. त्यांनी काही न बोलता परत वाढली. तिसऱ्या वेळी त्या पातेलंच घेऊन माझ्याशेजारी बसल्या आणि आम्ही दोघींनी मिळून ते चाटूनपुसून रिकामं केलं. कणसाचा तुकडा मी चोखत बसले होते, आणि माझ्या लक्षात आलं की गेल्या महिना-दीड महिन्यात मी पहिल्यांदाच काहीतरी हळूहळू खातेय.

आता दिवसातून एखादा उमासा येतो, तोही ओळखीच्या पाहुण्यासारखा, बसत नाही फार. भाताशी बोलणी चालू आहेत.

काल मावशी आली होती. कॅशच्या काचेपाशी मला बघितलं नाही, तर सगळ्या शाखेत शोधत शोधत माझ्या टेबलाशी पोचली. पिशवीतून कागदाची पुडी काढली. आत सोडे होते, सुके, यंदाचे पहिले. "आता चालतंय ना गो?" मी पुडी नाकाशी नेली. सगळी शाखा माझ्याकडे बघत होती, मॅनेजरसुद्धा काचेमागून. मी पुडी परत बांधली आणि पर्समध्ये ठेवली. घरी येऊन बाहेरच्या खिडकीत टांगली आहे, अजून आत आणलेली नाही. मंगळवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचंय, त्यानंतर बघू.

पत्र पोचलं की फोन कर. आता घेते मी.

तुझी,
कॅशवाली (सध्या केवायसीवाली)

ता. क. आल्याची बिस्किटं पाठवू नकोस, इथे आलेपाक आहे. लोकरीचे मोजे पाठव, एवढुसे. पण नवरात्र लागल्यावरच पार्सल कर.